विकतचे यंत्र, घरचा आराखडा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावी दोनच गोष्टींची वाट पाहिली जाई. एक, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची. आणि तो येणार नसेल तर त्याच्या मनीऑर्डरीची. रत्नागिरीपासून पाच-सहा कोसांवरच्या त्या गावात पोस्ट म्हणजे शाळेच्या पडवीतली एक लाकडी पेटी, एक तराजू आणि तारखेचा एक शिक्का. शाळेचे मास्तर हेच पोस्टमास्तर. आमची आजी अंगठेबहाद्दर. पण मनीऑर्डरीच्या फॉर्मखालची ती कुपनाची चिठ्ठी, जिच्यात धाकट्या काकांनी चार ओळी खरडलेल्या असत, ती नातवंडांकडून तीनतीनदा वाचून घेई आणि मग देवघरातल्या डब्यात ठेवून देई. पैसे आठवड्यात संपत, चिठ्ठ्या वर्षानुवर्षे उरत.

एकदा मी तिला विचारले, "आजी, काकांनी मुंबईत दिलेली ती नोट इथवर कशी गं येते?" ती म्हणाली, "बोटीतून." मीही बरेच दिवस तेच समजत होतो. पुढे कळले की नोट मुळी येतच नसे. गिरणगावातल्या पोस्टात काकांनी दिलेले पैसे तिथल्याच गल्ल्यात पडत, आणि प्रवास करी तो फक्त कागद. आजीच्या हातावर पडणारा पैसा आमच्याच मास्तरांच्या पेटीतला असे. दोन पेट्या, दोनशे मैलांचे अंतर, मध्ये एक कागद, आणि तरीही कोणाचा रुपया बुडत नसे. ह्या साध्याशा वाटणाऱ्या गोष्टीमागे केवढी थोर योजना होती, आणि पुढे यंत्रे विकत घेण्याच्या काळात तिचे काय झाले, ते यंदाच्या दिवाळीत वाचकांना सांगावे असे मनात आहे.

हिंदुस्थानात पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली ती १ जानेवारी १८८० रोजी. पाठवणाऱ्याने फॉर्म भरायचा, रक्कम आणि वर्तणावळ द्यायची. पोस्टाने त्याला क्रमांक देऊन तो वहीत चढवायचा, पावती फाडून द्यायची, आणि फॉर्म थैलीत घालून रवाना करायचा. गावच्या पोस्टात फॉर्म आला की घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पैसे द्यायचे. मग त्याच फॉर्मचा एक तुकडा पोच म्हणून पाठवणाऱ्याकडे परत जाई, आणि पैसे दिल्याचा कागद खालून वर चढत हिशेबतपासणीच्या कचेरीत पोहोचे. तिथे मुंबईची 'पैसे घेतले' ही नोंद आणि आमच्या गावची 'पैसे दिले' ही नोंद समोरासमोर येत. एकाच व्यवहाराचे दोन साक्षीदार, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या गावी लिहिलेले, आणि त्यांची गाठ घालणारा तिसराच माणूस. त्याचा ना मुंबईशी संबंध, ना आमच्या मास्तरांशी.

रत्नागिरीची अडचण अशी की इथे पैसे येत फार आणि जात थोडे. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत आणि पलटणीत ह्या जिल्ह्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेलेली. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा होईपर्यंत हा केवढा तरी लांबलचक मुलूख होता, आणि त्याच्या अर्थव्यवस्थेला लोक 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणत ते उगाच नव्हे. जिथे पैसे द्यायचेच जास्त, तिथल्या पेटीत रोकड आणायची कुठून? त्याचीही तजवीज आराखड्यात होती. गावचे पोस्ट रोजचा हिशेब आपल्या वरच्या पोस्टाला पाठवी, ते मुख्य डाकघराला. त्या दैनिक हिशेबात शिल्लक किती हे तर असेच, पण त्याखाली 'देणे' किती हेही असे, म्हणजे मनीऑर्डरी आल्या आहेत आणि त्यांचे पैसे अजून द्यायचे आहेत. ते पाहून वरचे पोस्ट दुसऱ्या दिवशीच्या थैलीत रोकड घाले. आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोकड मास्तरांपाशी दिसली, की ती का आहे ह्याचे उत्तरही तोच 'देण्या'चा रकाना देई. मास्तरांवर कोणाला संशय घेण्याची पाळी येऊ नये, एवढा विचार एका रकान्यात बसवलेला होता. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की थैली घाटवाटेने येई. उशीर होई, पण हिशेब तोच.

त्याहून कौतुकाची गोष्ट वेगळीच आहे. १८५४ मध्ये अंतर कितीही असो, पत्राला एकच दर हे तत्त्व आले. १८७७ मध्ये व्ही.पी. आली. मनीऑर्डरीनंतर दोन वर्षांनी बचत बँक, १८८४ मध्ये आयुर्विमा. पुढे रेडिओचे परवानेसुद्धा पोस्टातूनच निघू लागले. म्हणजे दर काही वर्षांनी त्या शाळेच्या पडवीवर एक नवे ओझे. पण प्रत्येक नव्या कामासाठी नवे पोस्ट उघडावे लागले नाही. एक नवी वही आली, त्याच दैनिक हिशेबात एक नवी ओळ आली, आणि तीच थैली, तेच वरचे पोस्ट, तीच तपासणी. घर तेच, खोली वाढली.

अलीकडे मोठ्या कंपन्यांत 'एंटरप्राइज आर्किटेक्चर' नावाचे एक खाते असते. नाव ऐकून सामान्य माणूस दचकतो. १९८७ मध्ये जॉन झॅकमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी आय.बी.एम.च्या नियतकालिकात एक लेख लिहिला. घर बांधताना जसे मालकाचे, वास्तुविशारदाचे आणि गवंड्याचे नकाशे वेगवेगळे असतात, तसेच संगणकावर चालणाऱ्या कारभाराचेही असतात, असे त्यात त्यांनी मांडले. तेव्हापासून ह्या शास्त्राचा गाजावाजा झाला. पण आपल्या कोकणी वाचकाला हे समजायला अमेरिकेस जावे लागत नाही. आपले घर पाहा. चिरे खाणीतून विकत, कौले मंगलोरी विकत, कडीकोयंडे रत्नागिरीच्या बाजारातून विकत. घरधन्याने स्वतः काय केले? ओटी कुठे, माजघर कुठे, देवघराचे तोंड कुठे, पागोळ्यांचे पाणी कुठे जायचे आणि विहीर कुठे, एवढेच ठरवले. आणि एवढे ठरवले म्हणूनच ते त्याचे घर झाले. मात्र विकतची वस्तू आपले माप बरोबर घेऊन येते हेही खरे. मंगलोरी कौल घातलेत की रिपांतले अंतर कौलाच्या मापाने धरावे लागते, तिथे हट्ट चालत नाही. शहाणपण एवढेच, की कौलासाठी रिपा हलवाव्यात, देवघर हलवू नये.

ज्या कंपन्या आपली संगणकप्रणाली स्वतः लिहीत नाहीत, बाजारातून घेतात (आणि जगात अशाच कंपन्या जास्त), त्यांना हा विवेक पदोपदी करावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका आंबेवाल्याची गोष्ट सांगतो. त्याने बिलांसाठी एक विकतची प्रणाली घेतली, मालाच्या साठ्यासाठी मुलाच्या आग्रहाने दुसरी. पहिलीत 'पेटी' म्हणजे विक्रीचा एक नग. दुसरीत 'पेटी' टाकली की किती आंबे, असा प्रश्न ती विचारी. आता हापूसची पेटी फळाच्या आकाराप्रमाणे चार डझनांची, पाचाची, सहाचीही. त्या मोसमात बिलांतले आंबे आणि साठ्यातले आंबे ह्यांचा काही केल्या मेळ बसेना. प्रणाल्या दोन्ही चांगल्या होत्या. 'पेटी म्हणजे काय' हे घरात कोणी ठरवलेले नव्हते, आणि ते कोणत्याच दुकानात मिळत नाही.

पोस्टाच्या बाबतीत असे ठरवण्याचे एक मोठे काम आपल्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राने केले. दापोली तालुक्यातले केळशी हे समुद्रकाठचे गाव, महालक्ष्मीचे देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा ह्यांमुळे अनेकांना ठाऊक आहे. तिथे १९१५ मध्ये श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांचा जन्म झाला. वेलणकर संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी. त्यांची संस्कृत रचना विपुल, आणि उलट वाचल्यासही अर्थ देणारे विलोमकाव्य रचण्यात त्यांचा हातखंडा. पोटापाण्याच्या व्यवसायात मात्र ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो गावांच्या नावांचा. शिरगाव म्हटले तर कोणते? रत्नागिरीजवळचे, देवगडचे, की पुण्याकडच्या मावळातले? नांदगावे किती आणि वडगावे किती, ह्याची तर गणतीच नको. त्यात पत्ता कोणी मराठीत लिही, कोणी इंग्रजीत, कोणी तमिळमध्ये. आणि छाटणीच्या टेबलावरच्या माणसाने सगळ्या लिप्या कुठून शिकायच्या?

वेलणकरांनी सुचवलेली सहा आकड्यांची पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा. असे आठ विभाग देशाच्या नकाशावर, आणि नववा सैन्याच्या टपालासाठी. पहिले दोन मिळून मंडळ, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन पत्र वाटणारे नेमके पोस्ट. रत्नागिरीचा पिन ४१५६१२. चिपळूण, दापोली इथलाही आरंभ ४१५ नेच. आणि गंमत पाहा, साताऱ्याचा आणि कऱ्हाडचाही ४१५ नेच! घाटावरचा सातारा आणि खालाटीची रत्नागिरी मुलकी नकाशावर दोन जिल्हे, पण टपालाच्या छाटणीत एका दावणीला. उलट कालपर्यंत रत्नागिरीच्याच पोटात असलेले मालवण, सावंतवाडी कोल्हापूरबरोबर ४१६ मध्ये. कलेक्टरसाहेबांची हद्द कुठे संपते ह्याच्याशी त्या आकड्याला कर्तव्य नाही. थैली कोणत्या वाटेने जाते ह्याच्याशी आहे. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या माणसाला हे सुचले ह्याचे मला नवल वाटत नाही. थोड्या अक्षरांत पुष्कळ अर्थ कोंबायचा, आणि प्रत्येक अक्षराची जागा अशी ठरवायची की ते हलवले तर अर्थ बदलावा, हा सूत्रकारांचाच उद्योग.

ध्यानात घ्या, १९७२ मध्ये छाटणीच्या टेबलांवर संगणक नव्हता. वेलणकरांनी कोणतेही यंत्र विकत घेतले नाही आणि बांधलेही नाही. त्यांनी 'ठिकाण म्हणजे काय' एवढे ठरवून दिले. त्यानंतर पन्नास वर्षांत पोस्टाने किती प्रणाल्या घेतल्या आणि मोडीत काढल्या. पण प्रत्येक प्रणालीला दारातून आत येताना ते सहा आकडे मान्य करूनच यावे लागले. आज बँका, विमा कंपन्या, घरपोच माल देणारे व्यापारी, सगळे त्याच आकड्यांवर आपला संसार चालवतात, आणि पोस्टाला त्याबद्दल एक पैसा देत नाहीत! २०२५ मध्ये आय.आय.टी. हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने टपाल खात्याने 'डिजिपिन' नावाची दहा अक्षरांची नवी खूण काढली; सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा जमिनीचा तुकडा ती दाखवते. पण जुना पिन तिने काढून टाकला नाही, त्याच्या शेजारी बसली.

आता संगणकाच्या काळाकडे येऊ. १९९० नंतर शहरांतल्या पोस्टांच्या खिडक्यांवर संगणक दिसू लागले. त्या वेळच्या प्रणाल्या बव्हंशी सरकारी घरातच तयार झालेल्या. खिडकीवरच्या कामासाठी टपाल खात्याच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात बनलेली 'मेघदूत', बचत बँकेसाठी 'संचय पोस्ट'. नावे पाहा, कालिदास आणि काटकसर! पण ह्या प्रणाल्या एकेका पोस्टापुरत्या. रत्नागिरीचे पासबुक रत्नागिरीतच चालणार. बँका तोवर एका देशव्यापी खतावणीवर जाऊ लागल्या होत्या, आणि पोस्टाला मागे राहून चालणार नव्हते.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ४,९०९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दीड लाखांवर पोस्टे, त्यांतली सव्वा लाखाहून अधिक खेड्यांत. ह्या वेळी धोरण होते विकत घेण्याचे, आणि तेही एकाकडून नव्हे. बचत बँक आणि विमा ह्यांचे काम इन्फोसिसकडे. बचतीसाठी त्यांची 'फिनॅकल', विम्यासाठी 'मॅककॅमिश'. टपाल, खिडकी, हिशेब आणि नोकरवर्ग ह्यांचे काम टाटा कन्सल्टन्सीकडे, तेही 'सॅप' ह्या जर्मन प्रणालीच्या आधाराने. जोडणीचे जाळे सिफी कंपनीचे. खेड्यातल्या पोस्टमास्तरांच्या हातात 'दर्पण' योजनेचे यंत्र, त्या योजनेचा आरंभ २०१७ च्या डिसेंबरात. २०१४ मध्ये चेन्नईत पोस्टाचे पहिले एटीएम उघडले. एकच खिडकी, पण तिच्यामागे तीन-चार दुकानांतून आणलेली यंत्रे. दिवसाखेरीस ह्या सगळ्यांचे आकडे एका हिशेबात जुळले पाहिजेत. म्हणजे पूर्वी जे काम एका कागदावरच्या लागोपाठच्या ओळी करीत, ते आता वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणाल्यांना एकमेकींशी बोलून करायचे.

फिनॅकल ही मुळात बँकांची. तिच्या भाषेत शाखेला 'सोल' म्हणतात, आणि ग्राहकाला एक क्रमांक असतो. इथे पोस्टाचा खरा कस लागला. बँकेत ग्राहक म्हणजे कोण, हे ठरलेले असते. पोस्टात शंभर-सव्वाशे वर्षे 'ग्राहक' असा कोणी नव्हताच, होती ती खाती. कल्पना करा, आमच्या आजीसारखी एक बाई आहे. तिचे बचत खाते 'लक्ष्मीबाई' ह्या नावाने, महिला एजंटाने उघडलेले आवर्त ठेवीचे खाते 'लक्ष्मी'च्या नावाने इंग्रजीत, आणि लग्नाआधी वडिलांनी घेतलेली बचतपत्रे माहेरच्या नावाने. जुन्या वहीत ती तीन बायका होत्या आणि कोणाचे काही बिघडत नव्हते, कारण पोस्टमास्तर तिला ओळखत. यंत्र ओळखत नाही. तीन क्रमांक तयार झाले की ते एक करायचे कोणी, कशाच्या पुराव्यावर? प्रणाली विकणारा म्हणतो, "एकत्र करण्याचे बटण आम्ही दिलेले आहे." बटण दाबायचे केव्हा, हे मात्र पोस्टानेच ठरवायचे.

आणि काही ठिकाणी पोस्टाने देवघर हलवले नाही, हेही नोंदवले पाहिजे. मासिक प्राप्ती योजना, बचतपत्रे, १९८८ मध्ये आलेले, २०११ मध्ये बंद पडलेले आणि २०१४ मध्ये पुन्हा अवतरलेले किसान विकास पत्र, ह्यांचे नियम कोणत्याही बँकेच्या प्रणालीत तयार मिळत नव्हते. ते यंत्राला शिकवावे लागले. रिपा मात्र हलल्या. २०१६ पासून छापील बचतपत्रांची जागा पासबुकाने घेतली, आणि त्याआधीच, २०१५ च्या एप्रिलमध्ये, मनीऑर्डरीच्या फॉर्मचा प्रवास थांबून फक्त विजेवरची मनीऑर्डर उरली. आजीच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांची जात तिथे संपली. मला ह्याचे वाईट वाटले. पण हिशेबाच्या दृष्टीने ते चूक होते असे म्हणवत नाही.

विकत घेतलेल्या यंत्राचा आराखडा मालकाच्या हातून निसटला तर काय होते, ह्याचे उदाहरण ज्या विलायतेकडून आपण पोस्ट शिकलो तिथेच घडले, आणि ते इतके दारुण आहे की दिवाळीच्या अंकात सांगावे की नाही असा क्षणभर विचार पडला. तिथे गावोगावची छोटी पोस्टे चालवणारे 'सबपोस्टमास्तर' असतात. आपल्या शाळामास्तरांसारखीच ही माणसे: किराणा किंवा कागदपेन्सिलींचे दुकान, आणि एका कोपऱ्यात पोस्ट. १९९६ मध्ये तिथे एक करार झाला. पोस्ट आणि सरकारचे पेन्शनचे खाते ह्या दोघांनी मिळून आय.सी.एल. ह्या कंपनीकडून एक प्रणाली घ्यायची, आणि पेन्शनी कार्डावर द्यायच्या. १९९९ मध्ये सरकारने कार्डाची योजनाच सोडून दिली. जिच्यासाठी प्रणाली आखली ते अर्धे प्रयोजन गेले. उरलेली प्रणाली पोस्टाने आपल्या हिशेबासाठी ठेवून घेतली. तिचे नाव 'होरायझन'. कंपनी पुढे जपानी फुजित्सूच्या नावाने चालू लागली.

मग ह्या दुकानदारांच्या हिशेबात तूट दिसू लागली. कोणाची शेकड्यांत, कोणाची हजारो पौंडांत. करार असा की तूट सबपोस्टमास्तराने भरायची. आपल्या मास्तरांपाशी स्वतःच्या हाताने लिहिलेली वही असे, बोट ठेवून ते म्हणू शकत, "ही ओळ पाहा, हे देणे आहे." ह्या लोकांपाशी फक्त पडद्यावरचा आकडा होता. तो कसा आला ते त्यांना दिसत नव्हते, आणि यंत्र बरोबर आहे असे मालक शपथेवर सांगत होता. १९९९ ते २०१५ ह्या काळात नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरवली गेली. घरे विकली, गावाने वाळीत टाकले. भारतीय वंशाची एक पोस्टमास्तरीण गरोदर असताना तुरुंगात गेली. ॲलन बेट्स नावाच्या वेल्समधल्या एका चिवट सबपोस्टमास्तराने ५५५ जणांना एकत्र करून दावा लावला, आणि २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की प्रणालीत दोष होते, आणि त्यांमुळे हिशेबात चुका पडू शकत होत्या. कंपनीची माणसे दुरून शाखेच्या खात्यांत शिरू शकत होती, दुकानदाराच्या नकळत, हेही त्या खटल्यात उघड झाले. २०२४ च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेने कायदाच करून शिक्षा रद्द केल्या. २०२५ च्या जुलैत आलेल्या चौकशीच्या अहवालाच्या पहिल्या भागात म्हटले आहे की ह्या प्रकरणापायी निदान १३ जणांनी आपला जीव दिला असावा.

हे वाचताना मला आमच्या मास्तरांच्या हिशेबातला तो 'देण्या'चा रकाना सारखा आठवत होता. ती दुसरी नोंद, दुसऱ्या माणसाने केलेली, आणि तिसऱ्याने ताडून पाहिलेली! होरायझनने एकच नोंद ठेवली आणि तीच साक्षीदार, तीच फिर्यादी झाली. दोष काय एकट्या यंत्राचा? यंत्रे चुकतातच, आपल्या मनीऑर्डरीही चुकीच्या गावी जात. पण चुकलेली मनीऑर्डर कुठे अडकली हे शोधून काढण्याची वाट पोस्टाच्याच ताब्यात होती, आणि इंग्रजांच्या पोस्टाने ती वाटही विक्रेत्याकडे ठेवायला दिली.

आपल्याकडे इतके टोकाचे काही घडले नाही हे आपले भाग्य, पण 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द कोकणातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ झाले होते, हे काही मी सांगायला नको. २०२५ मध्ये मात्र टपाल खात्याने पुन्हा एक वळण घेतले. टपाल आणि खिडकीच्या कामासाठी बाहेरून आणलेली प्रणाली बाजूला करून, म्हैसूरच्या आपल्याच केंद्रातल्या माणसांनी रचलेली 'एपीटी' नावाची प्रणाली देशभर चालू केली. आधी म्हैसूर आणि बागलकोटला चाचणी, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे, आणि शेवटचा टप्पा ४ ऑगस्ट २०२५ रोजी. पोस्टे एकेक दिवस व्यवहार बंद ठेवून बदलली गेली. खात्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे एका दिवसात ३२ लाख टपाल नोंदले गेले आणि ३७ लाख वाटले गेले. सगळेच घरी बांधले असेही नव्हे. बचत बँकेचे फिनॅकल त्या बदलात तसेच राहिले. माझ्या मते हे योग्यच झाले. खतावणी सगळ्या बँकांची सारखीच असते, ती बाजारातून आणावी; थैलीची वाट मात्र पोस्टाशिवाय दुसऱ्या कोणाची नसते. म्हैसूरच्या केंद्रात एक पिढी 'मेघदूत' लिहीत वाढली होती, म्हणूनच विकतच्या वर्षांतही आपले घर कसे आहे हे माहीत असलेली माणसे उरली होती, असा माझा तर्क आहे. ज्या कंपन्यांनी अशी माणसे 'आता कशाला' म्हणून घालवली, त्यांना पुढे स्वतःच्याच घराचा नकाशा विक्रेत्याकडून विकत घ्यावा लागल्याची उदाहरणे मी ऐकली आहेत. नावे सांगत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आजी जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. पोस्ट अजून आहे. शाळेच्या पडवीतून ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत आले आहे. पोस्टमास्तर म्हणून एक तरुण मुलगी बसते. नातवाला पाठवायच्या फराळाच्या पुड्याची नोंद तिने हातातल्या यंत्रावर केली, आणि पत्ता घालताना सवयीने विचारले, "आजोबा, पिन?"